काडीवरची वस्ती

भिवगडेबाई माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात रुमालात गुंडाळलेली एक बुटकी नळी होती. जरीपटका भागातल्या बाजारात माझं चष्म्याचं दुकान आहे. लोक ढिल्या झालेल्या काड्या, निसटलेले स्क्रू, नातू बसल्यामुळे चपटा झालेला चष्मा असलं काही घेऊन येतात. ही नळी मायक्रोस्कोपची होती, डोळा लावायच्या बाजूची. आतल्या काचेवर पांढुरकी जाळी पसरली होती. आमच्या धंद्यात हे नेहमीचं. पावसाळ्यात ओल धरली की लेन्सवर बुरशी येते. पाच मिनिटांत साफ करून देतो म्हणालो आणि स्पिरिटची बाटली उचलली.

बाईंनी बाटलीवर हात ठेवला.

"थांबा भाऊ. पुसू नका. आधी मले पाहू द्या, कोण आहे ते."

‘कोण आहे’ म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याच काउंटरवरची चिकटपट्टी घेतली, बोटभर तुकडा तोडून लेन्सवर हलकेच दाबला आणि उचलला. पर्समधून काचेची पट्टी काढली, तिच्यावर तो चिकटवला, पट्टी पुन्हा पर्समध्ये ठेवली आणि मला म्हणाल्या, आता पुसा.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो तोच त्या दारात. बुरशीचा रिपोर्ट आला होता. घरातलीच निघाली, शिळ्या भाकरीवर येते ती. आवाजात निराशा होती. मी बरं म्हणालो. पण त्या जाईनात.

"पण त्याले काचेवर खायले काय भेटलं असन, सांगा बरं?"

पंचवीस वर्षं मी लेन्सवरची बुरशी पुसतो आहे. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

प्रमिला भिवगडे. वय तेव्हा साठीच्या थोडं पुढे. अंगावर सुती साडी, पायात पळायचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. सगळी नोकरी त्यांनी मौदा आणि कुही तालुक्यांतल्या सरकारी दवाखान्यांत लॅब टेक्निशियन म्हणून केली. काम एकच, हिवतापाच्या रोग्यांचं रक्त तपासायचं. काचेवर रक्ताचा थेंब, वर मायक्रोस्कोप, आणि त्यात जंतू आहे का नाही ते शोधायचं. मायक्रोस्कोपमधून एका वेळी जो गोल तुकडा दिसतो त्याला ‘फील्ड’ म्हणतात. असे शंभर फील्ड पाहिल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ लिहायचं नाही, हा त्यांचा नियम. तो त्यांनी नोकरीनंतर माणसांनाही लावला. माझ्या शेजारी मिठाईचं दुकान असलेले मोटवानी शेठ पहिल्या भेटीत त्यांच्याशी तिरसटपणे बोलले, तर बाई मला म्हणाल्या, आत्ताच काही सांगता येत नाही, दोनच फील्ड झाले आहेत.

कशावरही मत विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "पाहून सांगतो. रिपोर्ट उद्या." आमच्या भागात बायाही ‘सांगतो’, ‘येतो’ म्हणतात, पण बाईंच्या तोंडी ते जरा जास्तच सरकारी वाटायचं. माझ्या बायकोनं, सुलभानं, एकदा त्यांना नवी साडी कशी दिसते म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी खरंच रिपोर्ट आला. काठ चांगला, रंग धुण्यात जाईल. गेला.

आमची थोडी ओळख झाल्यावर एकदा त्या सहज म्हणाल्या की त्यांच्या घरी दोन कपाटं भरून काड्या आहेत. मला वाटलं, बाईंचा काही जोडधंदा असेल. चष्म्याच्या काड्यांचा ठोक माल कुठून घेता म्हणून मी मोठ्या आस्थेनं चौकशी केली. त्या म्हणाल्या, झाडाखालून.

तेव्हा मला कळलं की भिवगडेबाई वाळक्या काड्या गोळा करतात. मेलेल्या. झाडावरच्या हिरव्या फांदीकडे त्या मान वर करून बघत नाहीत. खाली पडलेली, साल सुटलेली, पेन्सिलीएवढी काडी दिसली की उकिडव्या बसतात, पर्समधल्या भिंगानं बघतात, आणि तिच्यावर मोहरीपेक्षा बारीक काळे ठिपके असले तर काडी पिशवीत जाते. हे ठिपके म्हणजे बुरशीची घरं. त्या घरात कोण राहतं हे शोधणं, एवढाच त्यांचा उद्योग.

हे सुरू कसं झालं ते त्या अगदी गंभीरपणे सांगायच्या. निवृत्त झाल्यावर आठवड्यातच त्यांचे डोळे खाजायला लागले. त्यांच्या मते त्याचं कारण एकच, डोळ्यांना काम उरलं नव्हतं. एक जुना मायक्रोस्कोप मिळवून त्यांनी घरातलं सगळं त्याखाली घातलं. दही, चिंच, झाडूची हीर, स्वतःचा केस. मग एक दिवस अंगणातल्या बोरीची वाळकी काडी. ठिपके त्यांना आधी किड्यांची अंडी वाटले. दाढीच्या ब्लेडनं एका ठिपक्याची पातळ चकती कापून त्यांनी पाण्याच्या थेंबात टाकली.

"पोतं फाटून तीळ सांडावे, तसे दाणेच दाणे बाहेर येऊन राहिले, भाऊ. भुरे भुरे. एकेकात दोन दोन खोल्या. अन् प्रत्येकावर उभ्या रेघा. मारून मारून कोणं मारल्या असतील एवढ्याशा दाण्यावर रेघा?"

त्या दिवशी त्यांनी स्वयंपाक केला नाही. विसरल्याच.

दाणे म्हणजे बुरशीचं बी. त्याच्या आकारावरून बुरशी ओळखता येते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. पुस्तकं इंग्रजीत, जाडजूड आणि घरी न देण्याची. बाई एका कॉलेजच्या ग्रंथालयात वर्षभर रोज दुपारी जाऊन बसल्या आणि लांबोळक्या रजिस्टरांत ती पुस्तकं त्यांनी हातानं उतरवून काढली. चित्रांसकट. मी ती रजिस्टरं पाहिली आहेत. शाईच्या चित्रांत एकेका दाण्याची सावलीसुद्धा काढली आहे. या पुस्तकांत ओळख पटवण्याची एक वाट असते. दाण्यात एक खोली का अनेक? रंग आहे का नाही? प्रत्येक उत्तर पुढच्या प्रश्नाकडे पाठवतं. बाई म्हणायच्या, हे पत्ता शोधण्यासारखं आहे. चौकातून डावीकडे वळायचं का उजवीकडे तेवढं चुकू नये, शेवटी घर सापडतंच.

सापडलेल्या घराचं लॅटिन नाव त्या रजिस्टरात लिहायच्या. पण बोलताना त्यांची स्वतःची नावं होती. गुंडाळी झालेल्या दाण्याला जिलबी. चौकोनी, टोकदार तो शंकरपाळी. एकाला तीन मिशा आणि पोटावर काळे पट्टे, तो झिंगा. झिंगा त्यांना सगळीकडे भेटायचा आणि त्याच्यावर त्या वैतागायच्या. नको तिथे टपकणाऱ्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं त्याच्याबद्दल बोलायच्या.

त्यांच्या घरी गेलो तर चहाचं दूध फ्रिजमधून काढताना आधी सहा डबे बाहेर यायचे. मोटवानी शेठकडचे मिठाईचे पारदर्शक डबे. आत ओला कागद आणि त्यावर काड्या, बुरशीला दमट हवा लागते म्हणून. डब्यांवर त्यांच्या नेटक्या अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘भाजी नाही’. मोटवानी शेठला आपल्या डब्यांचा हा उपयोग कळला तेव्हा त्यांनी माझ्यापुढे हात जोडले होते. "भैया, बस दुकान का स्टिकर निकाल दो बोलो मॅडम को."

पावसाळ्याआधी विजेच्या तारांवरच्या फांद्या तोडायला गाडी यायची तो बाईंचा सण. त्या गाडीमागून वाळक्या काड्या वेचत चालायच्या. पण त्यांची खरी ख्याती झाली ती माझ्या पुतणीच्या लग्नात. हल्ली लग्नाच्या स्टेजमागे वाळक्या फांद्या लावून त्यांवर दिवे सोडतात. बाई आहेर द्यायला स्टेजवर चढल्या, वधूवरांना आशीर्वाद दिला आणि फोटोसाठी उभ्या राहण्याऐवजी मागे वळल्या. सजावटवाला धावत येईपर्यंत दोन काड्या पर्समध्ये गेल्या होत्या. त्या फोटोत नवरा-नवरी हसताहेत आणि मध्ये बाईंची पाठ आहे. सजावटवाल्याला त्यांनी शांतपणे समजावलं की हे लाकूड इथलं दिसत नाही, बाहेरगावाहून आलेलं आहे, तेव्हा सोबत कोण आलं हे पाहायला नको का? तो बिचारा म्हणाला, मॅडम, सोबत मी आणि दोन कारागीर.

आम्ही हसायचो. मी तर जास्तच. दुकानात गिऱ्हाइकांना त्यांचे किस्से रंगवून सांगायचो. इतक्या वर्षांत त्यांच्या मायक्रोस्कोपच्या काचा मी दहादा साफ केल्या असतील, पण त्यातून काय दिसतं ते पाहायला मी कधी डोळा लावला नाही. त्यांनी दोनदा बोलावलं होतं. मी म्हणालो होतो, येतो एखाद्या रविवारी.

मागच्या उन्हाळ्यात त्या चष्मा चुकीचा झाला म्हणून तक्रार घेऊन आल्या. नंबर तपासला, बरोबर होता. त्या म्हणाल्या, पेपरातल्या ओळी मधेच वाकतात. मी खणातून चौकटीचा कागद काढला. साधा कागद असतो, आडव्या-उभ्या रेघांचा, मध्ये एक ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघा म्हणालो.

"कोणता ठिपका?" त्यांनी विचारलं.

दुकान सुलभावर सोपवून त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला आहे. उजव्यातला गेलाच, डाव्यातला इंजेक्शनं देऊन थोडाफार थोपवता येईल. चालता-फिरता येईल, कडेचं दिसत राहील. बारीक काम आता नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरांना एकच विचारलं, पूर्ण पाहिलं ना, का चार-दोन फील्डवरूनच सांगून राहिले? डॉक्टरांना ते कळलं नाही. मला कळलं.

रिक्षानं परत निघालो. इंदोरा चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाल्या, "मजा पाहा भाऊ. बाकी सारं दिसते. तुमचे कान दिसतात, रिक्षाचा टप दिसते. ज्याच्याकडे पाहतो, तेवढंच नाही."

त्यानंतर त्या दुकानात आल्या नाहीत. मीही गेलो नाही. काय बोलणार, असं म्हणून आज-उद्या करत राहिलो. दीड महिन्यानं एका रविवारी सुलभानंच मला घालवलं. आजवर मजा घेतलीत, आता तरी जा, म्हणाली, ती बाई एकटी बसली असेल.

त्या एकट्याच बसल्या होत्या. मायक्रोस्कोपवर उशीचा अभ्रा घातलेला होता. फ्रिज उघडला तर आत फक्त भाजी आणि दूध. कोपऱ्यात कागदी पुड्यांचा ढीग. आजार कळण्याआधी गोळा केलेल्या काड्या, न पाहिलेल्या. ‘पेंडिंग’ म्हणाल्या त्या, जणू बाहेर बाकावर रोगी बसले आहेत आणि रिपोर्ट देणारं कुणी नाही.

माझ्या तोंडून निघून गेलं, मी पाहू का?

त्यांनी माझ्याकडे तोंड केलं, म्हणजे माझ्या कानाच्या जरा बाजूला. मग उठून अभ्रा काढला.

पहिली काडी त्यांनी मायक्रोस्कोपखाली ठेवू दिली नाही. बशीत ठेवायला लावली आणि भिंग माझ्या हातात दिलं. काडीवर बारीक काळ्या होड्या होत्या, गव्हाच्या दाण्यापेक्षा लहान, मिटलेल्या ओठांसारख्या. त्यांनी पाण्याचे चार थेंब टाकायला सांगितले आणि म्हणाल्या, आता पाहत राहा, बोलू नका. मी भिंग धरून बसलो. काही होत नव्हतं. माझी मान अवघडली. मग एका होडीची शिवण उसवल्यासारखी झाली. हळूहळू, अगदी हळूहळू ते काळे ओठ उघडले आणि आत लाल होतं. विटेसारखं लाल. मग शेजारचे उघडले. मग त्याच्या शेजारचे. मेलेल्या बोटभर काडीवर वीस-पंचवीस लाल तोंडं पाणी पीत होती.

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. अशा काड्या मी रोज दुकानापुढून झाडून काढतो.

"उघडलं?" बाईंनी विचारलं.

मी भिंग न हलवता हो म्हणालो. त्या म्हणाल्या, वाळलं का पुन्हा बंद होते. वर्षभर उन्हात पडलं असलं तरी.

मग दर रविवारी सकाळी मी जायला लागलो. ब्लेडनं चकती त्याच कापायच्या, नजरेशिवाय, नुसत्या अंगठ्याच्या अंदाजानं, आणि ती माझ्या दुकानातल्या कोणत्याही काचेपेक्षा पातळ असायची. मी डोळा लावायचो आणि जे दिसेल ते सांगायचो. सुरुवातीला माझं वर्णन सगळं स्वयंपाकघरातलं. साबुदाणा आहे, म्हणायचो. त्या विचारायच्या, भिजलेला का कोरडा? भिजलेला. आत गाठ दिसते का? दिसते. एक का दोन? मोजून सांगायचो. शेवया आहेत म्हणालो तर सुट्या का जुडगा, जुडग्याच्या बुडाशी काय आहे. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून त्या एकेक प्रश्न विचारायच्या. चौकातून डावीकडे, मग उजवीकडे, मग सरळ. आणि दहा-पंधरा मिनिटांनी त्यांच्या तोंडून लॅटिन नाव यायचं. मी त्यांच्याच हातच्या रजिस्टरात ते पान काढायचो. माझ्या डोळ्यांपुढे जे होतं तेच तिथे शाईत काढलेलं असायचं.

एकदाही चुकल्या नाहीत असं नाही. दोनदा चुकल्या, पण ते मी ‘रंग नाही’ म्हणालो आणि रंग होता म्हणून. तेव्हा मला बोलणी बसली. "तुम्ही चष्मे विकता का भजे विकता, भाऊ?"

दिवाळी उलटल्यावरची गोष्ट. पेंडिंग पुड्या संपत आल्या होत्या. बाई उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. साड्यांच्या घडीतून त्यांनी एक चपटी डबी आणली. आत काचेची एक पट्टी आणि काडी बांधलेली एक पुडी. पट्टीच्या कडा गुलाबी नेलपॉलिशनं बंद केलेल्या होत्या. तशी पद्धतच आहे, पाणी उडू नये म्हणून. बाईंच्या नखांना कधी रंग लागलेला मी पाहिला नव्हता, पण त्यांच्या टेबलावर नेलपॉलिशची बाटली कायम असायची.

"हे पाहा," एवढंच म्हणाल्या आणि नेहमीसारखं बसल्या नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

मी काच सरकवत सरकवत शोधलं. कचरा, सालीचे तुकडे, एक झिंगा. मग एका फील्डच्या कडेला ते दिसलं. निमुळतं तोंड, रुंद कपाळ, आणि कपाळातून दोन्हीकडे वर वळलेली दोन शिंगं. पोळ्याला सजवून उभा केलेला बैल समोरून दिसावा तसं. बाजूला अजून एक. थोडं पलीकडे तिसरं.

"शिंगं आहेत," मी म्हणालो. "दोन. वर वळलेली. आणि हे तीन आहेत."

मी मान वर करून पाहिलं तर बाईंनी पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं. म्हणाल्या, "म्हणजे आहेत. मले कधी कधी वाटे, म्याच मनानं पाहिले का काय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी कुहीकडे एका जुन्या सहकारी बाईंना भेटायला गेल्या होत्या. परतताना बस बंद पडली, नाल्याच्या पुलावर. सगळे ड्रायव्हरवर चिडत होते. बाई पुलाखाली उतरल्या आणि पाण्यातून वाहत आलेली एक काडी उचलून आणली. तिच्यावर हा शिंगवाला निघाला. त्यांच्या रजिस्टरांतल्या कोणत्याही वाटेनं त्याचं घर सापडेना. त्यानंतर त्या तीनदा त्या पुलावर जाऊन आल्या. उन्हाळ्यात, नाला आटलेला असताना, काठावरच्या झाडांखालच्या शेकडो काड्या आणल्या. पुन्हा कधी दिसला नाही. कुणाला दाखवला? कुणालाच नाही. का नाही दाखवला, तर त्यांनी खांदे उडवले.

मी हट्टच धरला. मायक्रोस्कोपला मोबाइल लावून फोटो काढले आणि दक्षिणेकडच्या एका विद्यापीठात याच विषयावर काम करणाऱ्या प्राध्यापक बाईंचा पत्ता शोधून त्यांना ईमेल पाठवली. भिवगडेबाई नको नको म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, पाठवा, पण माझं शिक्षण लिहू नका.

आणि मग माझ्याच्यानं राहवलं नाही. बाजारात सगळ्यांना सांगून बसलो की भिवगडे मॅडमनी जगात कुणी न पाहिलेली बुरशी शोधली आहे. सुलभानं तिला नावसुद्धा ठरवून टाकलं, प्रमिला या नावावरून काहीतरी लॅटिन शेपूट लावून. मोटवानी शेठ रोज दुपारी डोकावून विचारायचे, "रिपोर्ट आया क्या?" पेपरात फोटो येईल तेव्हा पेढे आपल्याकडून, असं त्यांनी जाहीर केलं. आणि या वेळी डब्यावर स्टिकर राहू देणार होते.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. लांब आणि फार सभ्य. प्राध्यापक बाईंनी लिहिलं होतं की फोटो सुंदर आहेत, काचपट्टी इतकी वर्षं टिकवणाऱ्या हातांना नमस्कार सांगा. पण ही बुरशी नवी नाही. हिचं नाव डिप्लोक्लॅडिएला. पाण्यात पडलेल्या काड्यांवर वाढते, ओढ्या-नाल्यांत. जमिनीवरच्या वाळक्या काड्यांवर शोधलं तर सहसा सापडणार नाही. जगात पुष्कळ ठिकाणी आहे.

ते मी दुकानात उभ्या उभ्या वाचलं. चूक माझी होती. बाईंनी काही मागितलं नव्हतं, मीच सगळी हवा केली होती. मोटवानी शेठला उद्या सांगू म्हणून टाळलं आणि संध्याकाळची वाट न पाहता शटर ओढून त्यांच्या घरी गेलो. वाटेत चार वाक्यं जुळवली. नवी नसली म्हणून काय झालं, विदर्भात पहिल्यांदा तुम्हालाच सापडली असेल, वगैरे.

त्यांनी दार उघडलं आणि माझ्या चपलांच्या आवाजावरूनच ओळखलं. उत्तर आलं का, विचारलं. मी आलं म्हणालो. वाचा म्हणाल्या. मी जुळवलेली वाक्यं बाजूला ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत सांगत वाचलं. मान खाली घालूनच.

"कुठे कुठे आहे म्हणतात?" त्यांनी विचारलं.

शेवटी एक यादी होती. मी वाचली. जपान, मलेशिया, क्युबा, ब्राझील, इंग्लंड, कॅनडा. आपल्याकडे सह्याद्रीतले ओढे.

"पुन्हा वाचा. हळू वाचा."

मी पुन्हा वाचलं. प्रत्येक नावाला त्या मान हलवत होत्या. परगावी दिलेल्या मुलींची खुशाली कुणी आणून सांगावी आणि आईनं ऐकावी तसं त्यांचं तोंड झालं होतं. वाचून संपलं तेव्हा त्यांनी मोठा श्वास सोडला.

"म्हणजे याचे लोकं आहेत," त्या म्हणाल्या. "मले वाटे, ते एकटंच होतं. अन् ते बी म्याच उचलून आणलं, पाण्यातून. अकरा वर्षं झाले भाऊ, झोप लागे नाही कधी कधी. म्हणून कोणाले दाखवलं नाही."

मी त्यांच्या नावाची काळजी करत आलो होतो.

त्या उठल्या, चुलीपाशी गेल्या. चालण्यात एक हलकेपणा होता, घरातही पळायचे बूट पायात असल्यासारखा. तिकडूनच म्हणाल्या, जेवून जा. चिन्नोर तांदळाचा भात झाला आहे, लाखोळीची दाळ आहे, वांगं आहे. इतक्या वर्षांत चहा पुष्कळ झाला होता, जेवायला थांबा असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या. मी हात धुऊन पाटावर बसलो.

त्यांचं ताट खालीच होतं, रोजच्या वापरातलं, कडेला पोचे आलेलं. माझ्यासाठी त्यांनी स्टुलावर चढून वरच्या फळीवर चाचपडत दुसरं काढलं. बराच वेळ लागला. ते कागदात गुंडाळलेलं होतं, कागद पिवळा पडला होता. त्यांनी ते दोनदा धुतलं, पदरानं पुसलं आणि माझ्यापुढे मांडलं. कोरं, चकचकीत स्टीलचं ताट. त्याच्या बरोबर मधोमध भांड्यांच्या दुकानाचा गोल स्टिकर तसाच चिकटलेला होता. त्यांना तो दिसत नव्हता.

पातेलं घेऊन त्या माझ्यापुढे वाकल्या आणि कुठे वाढू म्हणून विचारलं.

"मधोमध वाढा," मी म्हणालो.